ड्रम धुतलाय, असं मी म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, पोटच्या पोरीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलेय — तुमची माझी ओळख ना पाळख. पण ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की मी आधी रडते. मी रडले की समोरचं माणूस पाठीवरून हात फिरवतं. आणि पाठीवरून हात फिरला की माझं तोंड परत बंद. असं लई वेळा झालंय. तुमचा हात माझ्या पाठीपर्यंत पोचत नाही, तेच बरं आहे.

माझं नाव नंदा. सोलापुरातच जन्मले, सोलापुरातच दिली. माझ्या हातची शेंगाचटणी नवी पेठेतल्या दुकानांत मिळते, कधी खाल्लीही असेल तुम्ही. लोक माझं कौतुक करतात. नवऱ्याचे डोळे गेले, पण बाईनं कंबर कसली, पोरीला शिकवलं, नवऱ्याला फुलासारखं जपलं — असं सगळं. मागं आमच्या वस्तीतल्या बायकांनी जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार केला. शाल दिली. मी ती घेतली की! खाली मान घालून घेतली, आणि सगळ्यांना वाटलं बाई किती नम्र आहे.

आमचे हे — मिलिंद त्यांचं नाव. जिवंतपणी मी ते कधी घेतलं नाही, आता घेते. मिलिंद ग्रिल-गेटचं काम करायचे. घराला लागूनच पत्र्याचं शेड होतं, तिथं दिवसभर वेल्डिंगचा चर्र चर्र आवाज. फार साधा माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. भांडायचं खातं सगळं माझ्याकडं होतं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आधीच सांगून ठेवलं होतं — पोरगी कामाला वाघ हाय, पण जिभेला हाड न्हाय. आत्याबाई म्हणाल्या, असू द्या, आमचं पोरगं मुकंच हाय.

एवढ्या वर्षांच्या वेल्डिंगच्या धुरानं ह्यांचं नाक पार गेलं होतं. घरात दूध करपलं तरी पत्ता लागायचा नाही. मी चेष्टा करायची, की तुम्हाला काय शिळं वाढलं काय नि ताजं वाढलं काय! पण कामात त्यांना त्याची भीती असायची. जुना डबा, जुनी टाकी, काहीही कापायला आलं की आधी मला हाक मारायचे आणि हुंगायला लावायचे. "नाक तुझं, हात माझे," म्हणायचे. मला तेव्हा त्याचा गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — हे बघा, जिभेला सवयच लागलीय असं म्हणायची.

तर, पोरगी कॉलेजला गेली आणि खर्च वाढला. मला वाटायला लागलं, आपणही काहीतरी करावं. कोंबडी मी चांगली करते. संध्याकाळची एक गाडी लावायची असं डोक्यात होतं. पण तंदूर काय, कबाब काय, सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. मग पोरीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली माणसं, एक मोठं लोखंडी पिंप आडवं टाकलेलं, त्याला धुराडं, आणि आत मटण दिवसभर नुसत्या धुरावर शिजतंय. स्मोकर म्हणतात त्याला. बाहेरून काळं आणि आत बोटानं तुटेल इतकं मऊ. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल! मग तयार स्मोकरची किंमत बघितली आणि मोबाइल पालथा ठेवला.

ह्यांनी तो उचलला. चष्मा लावून बघितलं आणि हसायला लागले. "अगं, ह्यात काय हाय? डिझेल-ऑइलचा येतो तसला एक ड्रम. आडवा टाकायचा, वरनं दार कापायचं, बिजागरी मारायची. जाळाची पेटी ह्या अंगाला, धुराडं त्या अंगाला. जाळ हिकडं, कोंबडी तिकडं, मधनं जातो नुसता धूर. मी करून देतो की तुला."

आणि माणूस नादाला लागला. मी एवढ्या संसारात त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. शेडच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं, पुसलं, परत काढलं. ग्रिलच्या कामातून उरलेल्या सळया जमवून जाळी केली. बोअरच्या जुन्या पाइपचा तुकडा धुराड्याला. कुणाच्या तरी मोडक्या हातगाडीची चाकं. दाराची मूठ तापून हात भाजू नये म्हणून माझं जुनं लाटणं मागून घेतलं. विकत आणायचं असं काही नव्हतंच, एक ड्रम सोडला तर. लाकूड कुठलं, तर म्हणे बाभळीचा धूर कडवट होईल, आपण बोरीचं घालू. लोकांच्या खिडक्या-दारं करण्यात जन्म गेला, पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी करत होते ते. जेवताना मध्येच उठून शेडमध्ये जायचे. मी ओरडायची, आधी ताटातलं संपवा!

ड्रम भंगारातून आला. मीच बरोबर गेले होते. टोपण उघडून मी हुंगलं. थिनरचा वास होता, रंगात घालतात ते. हे म्हणाले, थिनर तर थिनर, आधी धुऊन घेऊ, मग कापू, मग आतून जाळ घालून भाजून काढू, म्हणजे खायच्या वस्तूला धोका नाही. पण धुवायचं नीट. आणि मग मला त्यांनी समजावून सांगितलं — एखाद्या पोराला समजावावं तसं, कारण मी नुसती मान हलवते हे त्यांना ठाऊक होतं. गरम पाणी आणि सोडा घालून घुसळायचं. ओतायचं. परत तसंच. आणि मग साध्या पाण्यानं काठोकाठ भरायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. आतली सगळी वाफ, सगळा वायू पाण्यानं बाहेर ढकलला गेला पाहिजे. रिकामा दिसणारा ड्रम रिकामा नसतो, असं म्हणाले होते. एरवी हे काम ते स्वतः करायचे, बोअरच्या पाण्यावर. पण उन्हाळा होता, बोअर आटली होती. आणि त्यांना अक्कलकोटला एका जिन्याचं काम होतं, मुक्कामी जायचं होतं. म्हणून माझ्यावर सोपवलं.

आता ऐका.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, तेही पहाटे की दुपारी त्याचा नेम नाही. पाणी आलं की बाई हातातलं टाकून पळते. घागर, बादली, पिंप, पातेलं — घरातलं ज्याला म्हणून बूड आहे ते भरून ठेवायचं. सोलापूरच्या बाईला पाण्याचा हिशेब झोपेतही सुटत नाही. आणि हे म्हणतात, दोनशे लिटर पाणी त्या भंगाराच्या पोटात ओत आणि सकाळी गटारीला सोड! माझ्या जिवाला ते पटेना. पाणी नव्हतंच तेवढं घरात —

थांबा. पाणी होतं.

बघा, इथंसुद्धा मी तेच करायला निघाले होते. पाणी होतं. आदल्याच दिवशी नळ आला होता. टाकी भरलेली होती. पण मला गोधड्या धुवायच्या होत्या. पावसाळ्याच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी एकदा धुऊन घ्यायच्या ही आमची दरवर्षीची रीत, आणि शेजारच्या घरी आधीच धुऊन वाळत पडल्या होत्या. माझ्याच राहिल्या होत्या. एवढंच. तेवढ्यासाठी. मी ते पाणी गोधड्यांना घातलं. ड्रममध्ये एक बादली ओतली, साबणाचा चुरा टाकला, टोपण लावून इकडून तिकडं लोळवला आणि ओतून दिला. तो गरम पाण्याचा सोडा नाही, ते काठोकाठ भरणं नाही. मनात म्हटलं, कोण मरतंय एवढ्यानं!

हो. असंच म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे अक्कलकोटहून आले. अंगावरची धूळसुद्धा झटकली नाही, सरळ ड्रमपाशी. मी आत कोंबडीला मसाला लावत होते, कारण त्याच दिवशी दार कापून, आतून भाजून, दुसऱ्या दिवशी पहिली कोंबडी लावायची असं ठरलं होतं. त्यांनी हाक मारली. मी मसाल्याच्या हातानंच बाहेर आले.

"भरला होतास ना काठोकाठ?"

"व्हय की. रात्रभर भरलेला होता. सकाळी ओतला."

एवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? पण माझी जीभ! मी पुढं म्हणाले, गटारीला पाणी सोडलं तर कसला वास सुटला होता म्हणून सांगू, गल्लीतली बाई विचारायला आली. कुठली बाई? कुणी आलं नव्हतं. खोटं कोरडं दिसू नये म्हणून मी त्याला तेल लावलं. ते हसले. म्हणाले, मग आता हुंगून बघ एकदा.

मी वाकले. ड्रमच्या तोंडाशी नाक नेलं. साबणाचा वास होता. आणि साबणाच्या खाली — होता. तो गोडसर, नाकात चढणारा वास होता. मला आला. कमी होता, पण आला. आता तुम्ही विचाराल, मग बोलली का नाहीस? काय बोलणार होते? वास येतोय म्हटलं असतं तर भरला नव्हता हे उघड झालं असतं. ते रागावले असते का? नाही. कधीच रागावले नाहीत. नुसतं म्हणाले असते, बरं, उद्या कापू. एवढंच झालं असतं. आणि मला तेवढंसुद्धा नको होतं. मला खोटं पडायचं नव्हतं. मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "साबणाचाच वास येतोय. ड्रम धुतलाय मी."

त्यांनी काळा चष्मा लावला आणि ग्राइंडर सुरू केला. मी आत वळले. उंबऱ्यात होते, तेवढ्यात झालं.

आवाजाबद्दल मला सांगता येत नाही. ड्रमचं एका बाजूचं झाकण उडून त्यांच्या तोंडावर आलं होतं. मी धावले तर ते खाली बसलेले होते, दोन्ही हात तोंडावर, आणि मला विचारत होते, "तुला लागलं नाही ना? नंदा, तू कुठं हायस?"

उजवा डोळा तिथंच गेला. डाव्याला नुसता उजेड-अंधार कळायचा, पुढं तोही कमी होत गेला. डाव्या हाताची बोटं वाकडीच बसली. दवाखान्यात किती दिवस काढले ते आता आठवत नाही. लोक येत होते, बोलत होते. कामाची घाई नडली म्हणाले. कुणी हळूच विचारलं, पीत होते का हो? ज्या माणसानं थेंबाला हात लावला नाही त्याच्याबद्दल! मी त्या माणसाला फाडून खाल्लं. तिथं माझी जीभ बरी चालली.

एकट्या आत्याबाईंनी खरं ओळखलं. त्या घरीच होत्या ना, त्यांनी दोरीवरच्या गोधड्या बघितल्या होत्या. म्हातारी शिकली नव्हती, पण पाण्याचा हिशेब तिला माझ्याइतकाच कळत होता. ह्यांच्या खाटेजवळ बसून तिनं मला विचारलं, "येवड्या गोदड्या धुतल्यास, मंग डरमाला पानी कुटलं घातलंस ग?"

ह्यांचे दोन्ही डोळे बांधलेले होते. तसेच उठून बसायला लागले. "आई, गप्प बस. नंदानं धुतला होता. ती माझ्याशी खोटं बोलत न्हाय."

मी काय केलं सांगू? तोच तर क्षण होता. मी तेव्हा पाय धरले असते तरी चाललं असतं. मी आत्याबाईंवर उलटले. माझा नवरा असा पडलाय आणि तुम्ही माझ्यावर आळ घेता? तुम्हाला मी कधी आवडलेच नव्हते! अख्खा वॉर्ड ऐकत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या माझ्या तोंडून ऐकल्या लोकांनी. मी रडले आणि खरंखुरं रडले, तेच तर वाईट. आत्याबाई उठल्या. पिशवी उचलली. थोरल्या मुलाकडं मंगळवेढ्याला गेल्या त्या गेल्याच. ह्यांनी कधी परत या म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणावर तरी रुसला, आणि तो आपल्या आईवर. माझ्यासाठी. ती म्हातारी तिथं शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली म्हणे, की सुनेनं मला हाकललं. खरं काय ते तिला माहीत होतं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

मग आम्ही शेड विकलं. मी शेंगाचटणी सुरू केली. शेंगदाणे भाजायचे, लसूण, तिखट, मीठ, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. शेंगा फोडायचं काम ह्यांनी मागून घेतलं. त्या वाकड्या बोटांनी दिवसभर शेंगा फोडत बसायचे. एखादी कुजकी शेंग असली तर बोटाला कळायची त्यांना. मी समोर बसून कुटायची. तासन्‌तास आम्ही दोघं समोरासमोर, पोरगी आधी कॉलेजात, पुढं सासरी, आणि घरात तिसरं माणूस नाही. मला सांगायला किती जागा होती बघा! रोज होती. वर्षानुवर्षं होती.

आणि ते काय बोलायचे? त्यांना एकच चिंता — आपलं कुठं चुकलं. ओळखीची वेल्डरची पोरं भेटायला यायची, त्यांना बजावून सांगायचे. "पाणी ओतून देऊन ड्रम कापू नका. पाणी आत ठेवूनच कापा. मी ओतायला सांगितलं, तिथंच चुकलं. बायकोनं बिचारीनं सगळं बरोबर केलं होतं." हे ते प्रत्येकाला सांगायचे. मी आतून चहा घेऊन यायची. पोरं माझ्याकडं आदरानं बघायची. ह्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडाला होता. साधा खिळा ठोकायचा असला तरी म्हणायचे, नको, मी काहीतरी चुकवीन, कुणाला तरी बोलाव. ज्या माणसाचं गेट दहा वर्षांनीसुद्धा कुरकुरलं नाही, तो माणूस! डोळे गेले ते गेले. पण आपण चांगले कारागीर होतो एवढं तरी त्यांच्याकडं राहायला हवं होतं. तेही मी घेतलं. आणि ते परत द्यायला एक वाक्य पुरत होतं.

का नाही दिलं? सुरुवातीला भीती होती. मग लाज होती. मग सवय झाली. नंतर तर मला वाटायला लागलं, मी एवढी सेवा करतेय, फिटत असेल की. काय फिटणार? मी त्यांना जेवू घातलं, आंघोळ घातली, हाताला धरून फिरवलं, आणि त्यांनी प्रत्येक वेळी माझे उपकार मानले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं काळीज थकलं. पाय सुजले, बोलताना धाप लागायला लागली. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हाच कळलं. पोरगी सासरहून आली होती, ती औषधं आणायला गेली होती. दुपारची वेळ. मी त्यांना चमच्यानं भाताची पेज भरवत होते. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला आणि माझं मनगट चाचपडत धरलं.

"नंदा, तुला एक मागायचंय. मागू का?"

मी म्हटलं, मागा की.

"मी सांगितलं तसं तू सगळं केलंस. भरून ठेवलास, ओतलास, हुंगलास. मीच घाई केली. मला तुझी ती गाडी बघायची घाई झाली होती. तुझी गाडी गेली. तुला जन्मभर उखळाला बांधलं मी. आईला तोडलं. हे सगळं माझ्या एका चुकीनं झालं." धाप लागली, थांबले. मग म्हणाले, "मला माफ कर. त्याबिगर जीव जायचा न्हाय माझा."

घरात कुणी नव्हतं. पंखा चालू होता. माझ्या हातात पेजेची वाटी होती. आणि अहो, मला कळत होतं — हे शेवटचं आहे, आता नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, सांगायलाच उघडलं होतं.

"केलं," मी म्हणाले. "केलं माफ. आता उगी राहा."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचा ताण गेला, लहान पोराचा जातो तसा. म्हणाले, "लई बरं वाटलं." मग राहिलेली पेज मागून खाल्ली.

त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. पोरगी म्हणते, बाबा किती शांत गेले. येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच म्हणतो.

गेलेच शांत. माझ्याकडून माफी घेऊन गेले.